जुन्या मोटारीची कैफियत

पुसदहून वाशिमकडे जाताना खंडाळ्याचा घाट लागतो. सह्याद्रीतील घाटांच्या मानाने तो अगदीच सौम्य म्हणावा लागेल. परंतु त्याच्या वळणांवरून उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, उतार संपताच तो पुन्हा ठेवावा, आणि नेमक्या त्याच क्षणी आसनाखाली कोणी लाकडी ठोकळा आपटावा तसा 'ठक्' असा आवाज व्हावा, हा अनुभव माझ्या १९८६ सालच्या ॲम्बेसेडरने मला इतक्या वेळा दिला आहे की तो घाट आता मला त्या आवाजासकटच आठवतो. पहिल्या दिवशी त्याचा दोष मी रस्त्याच्या माथी मारला, दुसऱ्या दिवशी डिकीतील जॅकच्या. आठवडाभराने मात्र हा आवाज गाडीच्या हाडामासातून येत आहे, हे मनाशी कबूल करणे भाग पडले.

त्यानंतर जे घडले ते जुन्या गाडीच्या बहुतेक मालकांच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. एका मोठ्या शहरातील कार्यशाळेत मी गाडी नेली. तेथील तज्ज्ञाने ती दोनशे पावले चालवून पाहिली, मागच्या ॲक्सलच्या हाउजिंगवर बोट ठेवले आणि 'क्राऊन-पिनियन गेले' असा निकाल दिला. निकालाची अंमलबजावणी झाली, बिलाची रक्कम मी चुकती केली, आणि परतीच्या वाटेवर त्याच घाटात त्याच जागी तोच 'ठक्' पुन्हा हजर झाला. पुढे पुसदमधल्या एका वयस्क मिस्त्रींकडे मी हे गाऱ्हाणे नेले आणि आवाज कोठून येतो याचे सविस्तर वर्णन हातवारे करून सांगू लागलो, तेव्हा हातातला पाना खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "कोठून येते हे राहू द्या काका, कवा येते ते सांगा."

या एका प्रश्नात सारी निदानविद्या सामावलेली आहे असे मला आता वाटते. लोखंडाच्या सांगाड्यातून ध्वनी असा काही वाहतो की गिअरबॉक्सचा ठोका मागच्या आसनाखाली ऐकू यावा आणि मागच्या पाट्यांची कुरकुर चालकाच्या पायाशी. त्यामुळे स्थळाविषयी कानाची साक्ष फारशी विश्वसनीय नसते. काळाविषयी मात्र कान सहसा खोटे बोलत नाही. पाय ठेवताना की काढताना, सरळ रस्त्यावर की वळणात, खड्ड्यात की ब्रेक लावताना, गिअर पुढचा टाकताना की उलटा, या प्रश्नांची उत्तरे जो मालक नीट टिपून आणतो, त्याच्या गाडीचा अर्धा तपास गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर चढण्यापूर्वीच पुरा झालेला असतो.

हा 'ठक्' उत्पन्न कसा होतो हे समजून घ्यायचे तर इंजिनातील शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोचण्यापूर्वी किती हातांतून जाते, ते पाहिले पाहिजे. इंजिनाकडून ती क्लचकडे येते, क्लचकडून गिअरबॉक्सकडे, तेथून गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब नळीसारख्या प्रॉपेलर शाफ्टाकडे, त्याच्या दोन टोकांच्या दोन सांध्यांतून टेल पिनियनकडे, पिनियनकडून मोठ्या क्राऊन व्हीलकडे, मग स्टार गिअरकडे, हाफ शाफ्टांकडे आणि अखेर चाकांकडे; आणि तलाठ्यापासून निघालेला अर्ज वरिष्ठांपर्यंत जाताना प्रत्येक मेजावर थोडी थोडी दिरंगाई व्हावी, त्याप्रमाणे या प्रत्येक ठिकाणी दात आणि दात यांच्यामध्ये थोडी थोडी मोकळीक असते. मिस्त्री लोक या मोकळिकीला 'प्ले' म्हणतात. ती मुळात दोष नव्हे. दोन दातांमध्ये तेलाचा पापुद्रा राहावा आणि तापून फुगलेले धातू एकमेकांत अडकू नयेत, यासाठी क्राऊन व पिनियन यांच्यामध्ये मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतके अंतर कारखान्यातच मुद्दाम ठेवलेले असते. परंतु वर्षानुवर्षांच्या झिजेने प्रत्येक मेजावरची ही दिरंगाई वाढत जाते, आणि बेरीज भरते ती मात्र एकदम.

यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी जाणाऱ्या शकुंतला गाडीतून ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना ही बेरीज वेगळी समजावून सांगायला नको. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातलेल्या त्या अरुंद मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत असे, आणि इंजिनाने पहिला हिसका दिला की दोन डब्यांमधली साखळी ताठ होऊन धक्का एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात शेवटच्या डब्यातील उतारूच्या पाठीला लागे. मोटारीत नेमके हेच घडते. पाय ठेवलेला असताना इंजिन चाकांना ढकलते आणि प्रत्येक दात एका अंगाने टेकलेला असतो. पाय काढताच चाके इंजिनाला ढकलू लागतात आणि प्रत्येक दाताला आपली बाजू बदलावी लागते. ही बाजू बदलताना मधली मोकळी जागा ओलांडण्याइतका वेळ मिळालेला भाग जो काही वेग कमावतो, तो पलीकडच्या दातावर आपटून संपतो. अंतर जितके अधिक तितका वेग अधिक, आणि ठोकाही तितकाच घणाघाती.

तेव्हा पहिली निवड करायची ती रस्त्याचे आवाज आणि पायाचे आवाज यांच्यात. गाडी बंद इंजिनाने ढकलत खड्ड्यातून नेली तरी आवाज होत असेल, तर शक्तीच्या साखळीशी त्याचा संबंध नाही. शॉक ॲब्सॉर्बरचे बुश, लोअर आर्म, बॉल जॉइंट, सायलेन्सरचे सुटलेले रबर यांची ती तक्रार समजावी. केवळ ब्रेक लावताना एकदाच 'ठक्' होत असेल तर पुढच्या आर्मचे बुश किंवा सैल झालेले ब्रेकचे पॅड पाहावेत. आणि हे सर्व करण्यापूर्वी डिकी रिकामी करावी. माहूरहून रेणुकामातेचे दर्शन घेऊन परतताना माझ्या गाडीत प्रत्येक वळणावर येणारा एक गंभीर नाद ऐकून मी डाव्या हाफ शाफ्टविषयी बरेच विवेचन सहप्रवाशांना ऐकवले होते. घरी आल्यावर सुट्या चाकामागून प्रसादाचा नारळ निघाला. त्या प्रसंगाचे स्मरण घरातील मंडळी मला अद्याप वेळोवेळी करून देतात.

रस्त्याचे आवाज वगळले की उरतात ते पायाचे, क्लचचे आणि गिअरचे. आणि मागच्या चाकांनी चालणाऱ्या ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप, सुमो, बोलेरो, ओमनी अशा सर्व गाड्यांत त्यांचा पहिला संशयित म्हणजे प्रॉपेलर शाफ्टाच्या टोकाचा सांधा, ज्याला आपल्याकडे सरसकट 'क्रॉस' म्हणतात. खडबडीत वाटेवर मागचे ॲक्सल वरखाली होत राहते, गिअरबॉक्स मात्र जागेवर असतो. त्या दोहोंमधला शाफ्ट तिरका असूनही फिरत राहिला पाहिजे, ही अडचण या चिमुकल्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या लोखंडाने सोडवली. कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याच्या नावावर ती सांगतात, आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने 1676 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मोटार जन्माला येण्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे. या सांध्यात एक खोड आहे. तो तिरका चालला की पलीकडचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही. दहा अंशांच्या तिरकेपणाला प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने पुढे धावतो आणि दोनदा तितकाच मागे रेंगाळतो. म्हणून शाफ्टाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस असा बसवतात की पहिल्याची चूक दुसऱ्याने फेडावी. शाफ्ट खोलताना त्यावर व त्याच्या जोडावर खडूने किंवा छिन्नीने खूण करून घेणारा मिस्त्री आणि खूण न करता खोलणारा मिस्त्री यांतील फरक येथेच कळतो. कारण शाफ्टाचा दातेरी सरकता सांधा चुकीच्या दातावर बसला तर दोन्ही टोकांच्या चुका परस्परांना फेडण्याऐवजी एकमेकींत मिळतात, आणि आवाज गेला खरा, पण गाडी थरथरू लागली, अशी नवी फिर्याद घेऊन मालक परत येतो.

क्रॉसच्या चारही हातांवर एकेक टोपी असते आणि टोपीच्या आत सुईसारखे बारीक रोलर. शाफ्ट पुरा फेरा घेतो, परंतु हे रोलर जागच्या जागी काही अंशच मागेपुढे होतात. त्यामुळे ग्रीस आटले की ते हाताच्या पोलादात आपापल्या जागी रेघा कोरून बसतात. आटलेल्या क्रॉसची पहिली खूण म्हणजे गाडी माणसाच्या चालण्याच्या गतीने हाकली असता येणारी पाखरासारखी 'चूं-चूं'. दुसरी खूण म्हणजे टोपीच्या कडेला साचलेली लालसर, पिठासारखी बारीक धूळ, जी मातीची नसून गंजलेल्या पोलादाची असते. आणि तिसरी हा 'ठक्'. पाखराचा आवाज येत असता ज्याने कानाडोळा केला, त्याला ठोक्याचा आवाज ऐकावा लागतो, आणि त्याकडेही ज्याने दुर्लक्ष केले त्याचा शाफ्ट भररस्त्यात सुटतो.

तपासण्याची रीत सोपी आहे, पण जिवाशी खेळ करण्याची नव्हे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. घोड्या लावाव्यात, खड्डा असल्यास उत्तमच. पुढच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावावेत, कारण शाफ्ट हलवून पाहण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी लागते आणि हँडब्रेक मागच्या चाकांचा असल्याने ती चाके उचलताच त्याचा आधार नाहीसा होतो. मग शाफ्ट हातात घट्ट धरून उलटसुलट पिळून पाहावा. क्रॉसला एका अंगाने धरणारा काटा हलला आणि दुसऱ्या अंगाचा क्षणभर थांबून मग हलला, तर झीज क्रॉसची. दोन्ही काटे एकदम हलले आणि पलीकडे हाउजिंगच्या आत 'टिक्' वाजले, तर मोकळीक मागच्या दातांत. शाफ्ट खालीवर उचलूनही पाहावा. तेथे टोपी हलता कामा नये.

याच जागी माझ्यासारख्यांची फसगत होते, आणि त्या शहरातील तज्ज्ञाचीही झाली असावी. न्यूट्रलमध्ये शाफ्ट पिळला तर तो बऱ्यापैकी फिरतो, आणि ते पाहून भले भले हबकतात. पण हिशेब करावा. टेल पिनियनच्या चार फेऱ्यांना चाकाचा साधारण एक फेरा, या मानाने हाफ शाफ्टांच्या आणि स्टार गिअरच्या दातांत मिळून दोन अंशांची ढिलाई असली तर शाफ्टाकडे ती आठ अंश दिसणार. शिवाय चाके दोन, आणि स्टार गिअरमागील वॉशरांची झीज वेगळीच. शाफ्टावर व त्याशेजारच्या स्थिर भागावर खडूची रेघ ओढून ती किती सरकते हे मोजावे आणि त्याच बनावटीची, न वाजणारी, दुसऱ्या कोणाची गाडी मिळाल्यास तिच्याशी ताडून पाहावे, म्हणजे निम्मी क्राऊन-पिनियन बदलण्यापासून वाचतील. ही जोडी खरोखर जाते तेव्हा ती ठकठक करण्यापेक्षा अधिक करून रडते: ठराविक वेगाला, पाय ठेवला असता किंवा काढला असता, एकसुरी लांबट आवाजाने. ठोका आणि रडणे यांत भेद न करणारा कान महाग पडतो.

हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. मोटारीच्या चाकाचा परीघ स्थूलमानाने दोन मीटर धरला तर ताशी 40 किलोमीटर वेगाला चाक सेकंदात साडेपाच फेरे घेते आणि शाफ्ट बावीस. म्हणजे जो आवाज कानाला जवळजवळ मोजता येईल इतका सावकाश आहे तो चाकाचा, टायरचा, हबचा. आणि ज्याची गणती होत नाही, नुसती थरथर जाणवते, तो शाफ्टाचा.

क्रॉस निर्दोष ठरला तर दृष्टी रबराकडे वळवावी, आणि सत्य हे की जुन्या गाडीत बहुतेक वेळा दोष तेथेच असतो. विदर्भाचा उन्हाळा माणसाला जसा कोरडा करतो तसाच तो रबरालाही करतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची माउंटिंगे वरून शाबूत दिसत असली तरी आतून धातूपासून सुटलेली असतात. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून ठेवून, जाणत्या चालकाने पहिल्या आणि मग उलट्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा व दुसऱ्याने बाजूला उभे राहून, गाडीच्या पुढे किंवा मागे मुळीच नव्हे, इंजिन किती उडी घेते ते पाहावे. मागच्या बाजूला पाट्यांचे शॅकल बुश, आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. गाडी जागेवरून उचलताना ॲक्सल स्वतःच उलटे पिळू पाहते. यू-बोल्ट सैल असले किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असला तर ते आपल्या बैठकीवर आपटते. टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून जरा उचकटून पाहिले की पाच मिनिटांत याचा छडा लागतो. जीपसारख्या गाडीत शाफ्टाचा सरकता सांधा कोरडा पडला तरी गाडी निघताना आणि थांबताना असाच ठोका येतो. त्याला निपलातून ग्रीस मिळाले की तो गप्प बसतो. क्लच-प्लेटमधल्या लहान स्प्रिंगा मोडल्या तर प्लेट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि कधी कधी दोष चालकाच्या डाव्या पायात असतो, परंतु तो मालकापुढे बोलून दाखवण्याचे धैर्य फार थोड्या मिस्त्रींजवळ असते.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांची तऱ्हा निराळी. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर तो लांब शाफ्टच गेला. त्याच्या जागी दोन आखूड दांडे आले, ज्यांच्या बाहेरच्या सांध्यात पोलादी गोळ्या खोबणींतून फिरतात. हुकच्या सांध्याची ती रेंगाळण्याची खोड यांत नाही. हे सांधे रबरी बुटात ग्रीसमध्ये बुडलेले असतात, आणि बूट फाटला की ग्रीस उडून चाकाच्या आतल्या अंगाला फासले जाते व त्याच्या जागी धूळ जाते. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पुरते वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. बाहेरचा सांधा झिजला असेल तर 'कट्-कट्-कट्' अशी अखंड माळ ऐकू येते, आणि बहुधा ज्या बाजूला वळत असू त्याच्या विरुद्ध बाजूचे चाक ती उच्चारते. सरळ रस्त्यात पाय ठेवता-काढताना एकच ठोका येत असेल तर आतला सांधा किंवा माउंटिंग पाहावे. फाटलेला बूट वेळेत बदलला तर खर्च किरकोळ. सांधा झिजल्यावर नाही.

आपल्या भागात या झिजेला हातभार लावणारी कारणे आपल्याच मातीत आहेत. पुसदच्या भोवतालची काळी कसदार जमीन पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते, आणि तिच्यावर घातलेला रस्ताही तिच्याबरोबर फुगतो, भेगाळतो. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी जात असता गाडी घातली तर ते गढूळ पाणी क्रॉसच्या टोप्यांत आणि बेअरिंगांत शिरते. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत माणसे किती बसत आणि किती लोंबकळत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यांच्या क्रॉसचे आयुष्य तोकडे का असे, याचे कारण पुसावे लागणार नाही. पाण्यातून गेलेल्या गाडीला दुसऱ्याच दिवशी ग्रीस गनने सर्व निपलांत नवे ग्रीस, जुने काळे ग्रीस बाहेर येईतो, भरावे. आणि ज्या क्रॉसला निपलच नाही तो आटला की सरळ बदलावा, त्यात तेल थेंबवून काळ काढू नये.

ॲम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये बंद पडले. पुसद गावाने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, आणि त्यांच्या काळात सरकारी दौरा म्हटला की ही पांढरी गाडी डोळ्यांसमोर येई. आता ती रस्त्यावर दिसली तर मुले वळून पाहतात. तिचे सुटे भाग अजून मिळतात, क्रॉस आणि बुश तर सहज. सगळ्यात अवघड मिळणारी वस्तू म्हणजे 'कधी' असे विचारणारा माणूस.

आमच्या मिस्त्रींनी तीन दिवस गाडी ठेवून घेतली. मागच्या टोकाचा एक क्रॉस, चार शॅकल बुश आणि गिअरबॉक्सखालचे एक रबर बदलले, यू-बोल्ट आवळले. नवे बसवलेले क्राऊन-पिनियन त्यांनी उघडूनही पाहिले नाही. बदललेले सारे भाग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिले, आणि क्रॉसच्या हातांवर सुयांनी कोरलेल्या रेघा नखाने चाचपून दाखवल्या. घाटातला तो 'ठक्' गेला. उलटा गिअर टाकताना मात्र एक बारीकसा 'टक्' अद्याप येतो. तेवढा राहणारच, असे त्यांनी गाडी परत देतानाच सांगितले होते, आणि त्यासाठी मी ती पुन्हा त्यांच्याकडे नेलेली नाही.